मागची चाकं आणि समोरचा बर्फ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मनालीहून सोलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांचा नाका लागतो. बर्फ पडू लागला की तिथं गाड्यांची छाननी सुरू होते. रांगेत दोन थार मागे-पुढे उभ्या असतात. रंग सारखा, उंची सारखी, दोन्हींवर महाराष्ट्राची नंबरप्लेट. पोलीस एका थारला हात दाखवून पुढे सोडतात आणि दुसरीच्या ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगतात. तो हुज्जत घालतो, ‘अहो, थार आहे!’ पोलीस गाडीच्या नावाकडे बघतच नाहीत. इंजिनाची ताकद किती चाकांपर्यंत पोहोचते, एवढंच ते बघतात.

महिंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये थारची एक स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. किंमत ९ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळत होती. ही ‘फोर बाय टू’ आवृत्ती; चारही चाकांना ताकद मिळते ती ‘फोर बाय फोर’. शहरात आणि हायवेवर या आवृत्तीनं काही अडत नाही. वर्षातले तीनशे साठ दिवस मालकाला फरक जाणवतही नाही. उरलेल्या पाच दिवसांत तो बर्फात गेला, तर मात्र फरक जाणवतो आणि फार वेगानं जाणवतो.

हा प्रश्न एकट्या थारचा नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ क्लासिक, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनरची ‘फोर बाय टू’ आवृत्ती, ईको व्हॅन, टाटा सुमो आणि टूरवाल्यांची टेम्पो ट्रॅव्हलर या सगळ्या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. उंच, दणकट आणि डोंगरात शोभणाऱ्या या गाड्यांना बघून लोक त्या बर्फातही चालतीलच असं गृहीत धरतात. विजेवरच्या गाड्यांनी या यादीत नवी भर घातली आहे. महिंद्राची ‘बीई सिक्स’ आणि ‘एक्सईव्ही नाइन ई’ यांची विद्युत मोटार मागच्या आसावर आहे. पंचवीस वर्षांपूर्वी छोट्या मोटारींमधून जवळजवळ हद्दपार झालेली ही रचना पुन्हा घरोघरी येते आहे, आणि तिच्यासोबत बर्फातली जुनी डोकेदुखीही.

डोकेदुखी कशाची, हे साध्या हिशेबातून कळतं. कोरड्या डांबरावर टायरला जेवढी पकड मिळते, तिच्या साधारण पाव हिश्श्याइतकीच पकड गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर मिळते. रात्रीत वितळून पुन्हा गोठलेल्या गुळगुळीत थरावर ती आणखी निम्म्यानं घटते. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आठ-नऊ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला तीस मीटरहून जास्त जागा लागते आणि गोठलेल्या थरावर साठ मीटरच्याही पुढे. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही.

चढाचा हिशेब आणखी बोचरा आहे. इंजिन पुढे असलेल्या गाडीचं निम्मं किंवा त्याहून कमी वजन मागच्या चाकांवर पडतं, आणि गाडी वर ढकलण्याचं काम मात्र त्याच चाकांना करायचं असतं. चार चाकांच्या पकडीपैकी निम्मीच कामाला येते. परिणामी दाबलेल्या बर्फावर अशी गाडी दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यापाशी हात टेकते. गोठलेल्या थरावर वीस मीटरला एक मीटर एवढा साधा चढही तिला भारी होतो. हिमालयातल्या घाटरस्त्यांवर असे चढ जागोजागी लागतात.

त्यात डिफरन्शिअलची भर पडते. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरावं म्हणून मागच्या आसावर ही दातेरी चाकांची यंत्रणा बसवलेली असते. बर्फात तिची खोड अशी की, ज्या चाकाला पकड कमी तेच गरागरा फिरतं आणि कोरड्या जागेवरचं दुसरं चाक ढिम्म उभं राहतं. ड्रायव्हर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, त्याचं पाणी होतं आणि होती ती पकडही जाते.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे मागून ढकललेली हातगाडी. पुढे खेचणारं कोणी नसतं, आणि ढकलणाऱ्याचा पाय सरकला की मागचा भाग बाजूला फिरतो. वळणावर जरा जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडीचं शेपूट दरीकडे किंवा डोंगराकडे झुकतं, ते याचमुळे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या अल्टोचं तसं नसतं. इंजिनाचं वजन आणि ताकद दोन्ही तिच्या पुढच्याच चाकांवर असतात. मनालीच्या टॅक्सी स्टँडवर अल्टोंची गर्दी दिसते आणि कोवळ्या बर्फात टायरला चेन लावलेली अल्टो एखाद्या रुबाबदार ‘फोर बाय टू’ गाडीशेजारून मुकाट्यानं वर निघून जाते, त्यामागचं एक कारण हेच.

टायरला अशी चेन, म्हणजे साखळी, बांधण्याचा उपाय जवळजवळ मोटारीइतकाच जुना. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी ऑगस्ट १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. चिखलात आणि बर्फात मोटारवाले टायरला दोर किंवा वेली गुंडाळतात हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. टायरच्या दोन्ही बाजूंना दोन लांब साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या, असा तो शिडीसारखा सांगाडा होता. सव्वाशे वर्षं होत आली तरी मूळ कल्पना तीच आहे. गाडीचं वजन टायरच्या रुंद पृष्ठभागावर पसरण्याऐवजी पोलादाच्या काही कड्यांवर एकवटतं, कड्या बर्फात रुततात आणि चाकाला ढकलण्यासाठी आधार मिळतो.

आज बाजारात चेनचे बरेच प्रकार मिळतात. शिडीची चेन स्वस्त आणि मजबूत असते, पण दोन आडव्या साखळ्यांमधल्या फटीत टायर उघडा राहतो. शंकरपाळ्याच्या नक्षीची चेन महाग पडते, पण कड्यांचा कुठला ना कुठला भाग सतत जमिनीवर असल्यानं आडवं घसरणंही तिच्यामुळे कमी होतं. चाकाच्या कमानीत जागा कमी असेल तर साखळीऐवजी पोलादी दोराची चेन वापरतात. जाड कापडाचे ‘मोजे’ही मिळतात. ते लावायला सोपे, पण उघड्या डांबरावर भराभर झिजतात. ऑनलाइन मिळणारे प्लॅस्टिकचे पट्टे रुतलेली गाडी हलवायला उपयोगी पडतात. त्यांच्या भरवशावर घाट उतरणं हे धाडस नव्हे, निव्वळ अविचार आहे.

चेन गाडीच्या नावावरून घ्यायची नसते, टायरच्या मापावरून घ्यायची असते. टायरच्या कडेला ते माप उठवलेलं असतं. बोलेरोचं २१५/७५ आर १५ हे माप घेतलं तर टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. थारच्याच आवृत्त्यांमध्ये टायर वेगवेगळ्या मापांचे आहेत; काहींचे १६ इंची, काहींचे १८ इंची. ‘थारची चेन द्या’ असं दुकानदाराला सांगून भागत नाही. सैल चेन सुटून चाकाच्या कमानीवर आपटते, ब्रेकची नळी किंवा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तोडू शकते. काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनमधलं अंतर इतकं कमी असतं की कंपनी ठरावीक टायरवर चेन लावायला मनाईच करते. मॅन्युअलमधलं ते पान खरेदीआधीच वाचलेलं बरं.

चेनची एकच जोडी असेल तर ती कुठल्या चाकांना, याचं उत्तर ठरलेलं आहे. ज्या चाकांना ताकद जाते त्यांना. थार ‘फोर बाय टू’, बोलेरो किंवा क्रिस्टा असेल तर मागच्या दोन्ही चाकांना, आणि दोन्ही म्हणजे दोन्ही. एकाच चाकाला चेन लावली तर डिफरन्शिअल उघड्या चाकालाच फिरवत बसतं. आधी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वापरलेले लोक सवयीनं पुढच्या चाकांना चेन बांधतात. गाडी तसूभर हलत नाही, तेव्हा त्यांना चेनमध्येच खोट दिसते.

बांधण्याचं काम वाचायला सोपं आणि करायला हाडं गोठवणारं. चेन बर्फ सुरू होण्याआधी सपाट जागी बांधायची, चढाच्या मध्यावर अडकल्यावर नाही. आधी ती जमिनीवर पसरून गुंता काढायचा. हुकांची उघडी तोंडं टायरकडे आली तर टायर कापला जातो, म्हणून ती बाहेरच्या दिशेनं ठेवायची. मग चेन चाकावरून शालीसारखी टाकायची आणि दोन्ही बाजूंनी समान ओढून घ्यायची. चाकाच्या मागे हात घालून आतला हुक आधी अडकवायचा. तो दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो, आणि हातमोजा काढण्याचा मोह होतो तो इथंच. त्यानंतर बाहेरचा हुक, मग ताण देणारं रबर किंवा तरफ. चाकाखाली दबलेला भाग मोकळा करायचा तर गाडी हातभर पुढे घ्यायची. त्या वेळी कुणाचीही बोटं चाकाजवळ नकोत. दोन्ही चाकं झाली की शंभरेक मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. पहिल्या शंभर मीटरमध्ये बहुतेक चेन सैल होतातच.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इथं एक धोका लपलेला असतो. तिचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि गाडी गिअरमध्ये ठेवली तर इंजिनही मागच्याच चाकांना धरतं. पुढची चाकं पूर्ण मोकळी असतात. म्हणजे गाडीला जागेवर ठेवणारी चाकं आणि बर्फावर उभी असलेली, चेनसाठी हाताळली जाणारी चाकं एकच. त्यामुळे पुढच्या चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नये. आणि काम सोपं व्हावं म्हणून उतारावर मागचं चाक जॅकवर उचलणं तर पूर्ण वर्ज्य. एक चाक हवेत गेलं की गिअरचा आधार संपतो आणि सगळा भार दुसऱ्या, बर्फावरच्या चाकावर येतो.

चेन लागली की गाडी चढते आणि ड्रायव्हरच्या जिवात जीव येतो. चुका सुरू होतात त्या यानंतर. चेननं मागच्या चाकांना पकड दिली, पुढच्यांना काहीच दिलं नाही. वळायचं काम पुढची चाकं करतात आणि ब्रेकचा मोठा भारही पुढचीच सोसतात. चढताना वजन मागे जातं, चेनला बळ मिळतं आणि सगळं आलबेल वाटतं. तीच गाडी उतरू लागली की वजन पुढे सरकतं, मागची चेनवाली चाकं हलकी होतात आणि पुढची उघडी चाकं ओझं घेऊन बर्फावर येतात. वळणावर ब्रेक दाबला तर स्टिअरिंग फिरतं, पण गाडी सरळच जात राहते. वर जाताना जो वेग सुरक्षित होता, तोच खाली येताना जादा ठरतो. शक्य असेल तर चारही चाकांना चेन हा उत्तम उपाय. दोनच चाकांना चेन असेल तर उताराचा वेग माणूस चालतो त्याच्या आसपास ठेवावा लागतो.

ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात पावसाळे काढलेला मराठी ड्रायव्हर एका गोष्टीत फसतो. उतारावर खालचा गिअर टाकायचा, ब्रेक तापवायचे नाहीत, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. बर्फातही हा नियम चुकीचा नाही, पण गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा असतो. उतारावर मध्येच झटक्यात दुसऱ्याचा पहिला केला, तर इंजिनाचा सगळा अटकाव मागच्या दोन चाकांवर एकदम येतो. चेन नसेल तर ती चाकं तिथंच घसरतात आणि गाडी आडवी होते. विजेवरच्या गाडीत नुसता पाय उचलला तरी असाच अटकाव येतो, कारण मोटार बॅटरी भरायला लागते. मोटार मागे असलेल्या गाडीत हा परिणाम बर्फावर शिरण्याआधी सेटिंगमधून कमीत कमी करून घ्यावा.

मागचा भाग घसरू लागलाच, तर ब्रेकवरून आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडीचं तोंड ज्या दिशेला जायला हवं तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हलकेच वळवायचं. सामान आणि माणसं मागच्या आसाजवळ असली तर फायदा होतो. अमेरिकेत पिकअप ट्रकवाले हिवाळ्यात मागे वाळूची पोती ठेवतात ती यासाठी. मागच्या बंपरवर माणसं उभी करण्याचा आपल्याकडचा प्रकार मात्र जीवघेणा आहे. आणि रस्ता कोरडा झाला की चेन काढलीच पाहिजे. उघड्या डांबरावर रबराऐवजी पोलाद टेकतं, पकड घटते आणि चेन तुटते.

या सगळ्याचे लेखी नियम कसे असतात, हे पाहायचं तर कॅलिफोर्नियाकडे पाहावं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली असंख्य मराठी कुटुंबं हिवाळ्यात लेक टाहोला जातात, ती बरेचदा सिएरा नेवाडा पर्वतातल्या डॉनर समिटवरून. महामार्ग तिथं सव्वासात हजार फुटांच्या आसपास पोहोचतो. तिथल्या हिम-प्रयोगशाळेत २०२२-२३ च्या हिवाळ्यात ७५४ इंच, म्हणजे जवळपास ६३ फूट बर्फाची नोंद झाली. राज्याच्या रस्ते विभागानं चेनच्या सक्तीच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीत ताकदीच्या चाकांना बर्फाचे टायर असलेल्या हलक्या गाड्यांना चेन बांधण्यातून सूट मिळते, पण चेन गाडीत हवी. दुसरीत चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या ‘फोर बाय फोर’ गाड्यांनाच सूट. तिसरीत कुणालाच नाही, आणि ती वेळ येण्याआधी बहुतेकदा रस्ताच बंद करतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला दुसऱ्या पायरीपासून सुटका नाही, टायर कितीही चांगले असोत. चेनच्या टप्प्यात वेगमर्यादा ताशी २५ किंवा ३० मैल, म्हणजे ४० ते ४८ किलोमीटर. जर्मनीत चेन लावलेल्या गाडीला ताशी ५० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. डॉनरच्या रस्त्याकडेला परवाना आणि क्रमांक असलेले लोक पैसे घेऊन चेन बांधून देतात. त्यांना चेन विकायची मात्र परवानगी नाही. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी करार आधी वाचावा, कारण चेन लावायला मनाई करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत.

आपल्याकडे चेनच्या सक्तीचा निर्णय त्या त्या दिवशी, बर्फ बघून होतो. काश्मीरमध्ये टंगमर्ग ते गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा चढ बर्फ पडल्यावर ‘फोर बाय फोर’ किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच खुला ठेवतात, आणि पर्यटक टंगमर्गला उतरून स्थानिक गाडी करतात. हिमाचलात ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि लाहौलमधलं सिस्सू मनालीहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं झालं. बोगद्याच्या आत बर्फ नाही, पण दोन्ही तोंडं दहा हजार फुटांवर आहेत आणि तिथवर नेणारा रस्ता उघडा आहे. २३ डिसेंबर २०२४ ला सोलंग ते बोगदा या टप्प्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि शेकडो पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं. अशा कोंडीत एक घसरलेली गाडी मागच्या शंभर जणांचा रस्ता अडवते.

अडकल्यावरचा सर्वांत मोठा धोका घसरण्याचा नसतोच. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ माणसं दगावली. त्यातल्या अनेकांचा घात कार्बन मोनॉक्साइडनं केल्याचं सांगितलं गेलं. काचा बंद करून हीटर चालू ठेवायचा आणि बाहेर बर्फ सायलेन्सरच्या तोंडाशी साचत जायचा, असा हा सापळा आहे. या वायूला वास नसतो. म्हणून इंजिन सतत चालू ठेवायचं नाही, थोड्या थोड्या वेळानं उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्यानं दूर करायचा आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची. फावडं, टॉर्च, ब्लँकेट, पाणी आणि जाड हातमोजे चेनच्याच पिशवीत असावेत.

या हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन हिमालयात निघणाऱ्यांनी तीन कामं घरीच उरकावीत. गाडीची आवृत्ती ‘फोर बाय टू’ आहे की ‘फोर बाय फोर’, हे कागदपत्रांवरून पाहावं, पाठीमागच्या स्टिकरवरून नाही. टायरच्या मापाची चेन शक्यतो दोन जोड घ्यावी. आणि ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा तरी स्वतःच्या हातानं बांधून, काढून पाहावी. उणे पाच अंशांत, अंधारात ती पहिल्यांदा उघडण्याची वेळ येऊ देऊ नये. एवढं करूनही नाक्यावर पोलिसांनी परत फिरायला सांगितलं तर वाद न घालता फिरावं, गाडी हॉटेलात लावावी आणि तिथल्या ड्रायव्हरची गाडी करावी. त्याचं भाडं टोचन लावून गाडी ओढून काढण्याच्या खर्चाहून बहुतेकदा कमीच असतं.